मेटा-ॲनालिसिस करताय? अभ्यासांमधली तफावत पहिल्या दिवसापासून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून एमडी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागलेल्यांपैकी बऱ्याच जणांवर कधी ना कधी मेटा-ॲनालिसिस, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढणं, करायची वेळ येते. शिकणं इंग्रजीत, रुग्णांशी बोलणं कन्नड-मराठीत, आणि आकडेशास्त्र निवांत बसून समजावणारं माणूस मिळणं कठीण. मी या सगळ्यातून गेले आहे. म्हणून जिथे नवखे लोक हमखास अडकतात त्या एकाच गोष्टीवर इथे लिहिते आहे: गोळा केलेले अभ्यास एकमेकांपेक्षा वेगळे असतात, त्या वेगळेपणाचं काय करायचं?

नेहमीचं उत्तर एका ओळीत संपतं: 'आय-स्क्वेअर ७८ टक्के आला, म्हणून रँडम-इफेक्ट्स मॉडेल वापरलं.' हे वाक्य शेकडो पेपरांत सापडेल. (आय-स्क्वेअर म्हणजे काय ते चौथ्या पायरीत येईल. रँडम-इफेक्ट्स म्हणजे प्रत्येक अभ्यासातला खरा परिणाम थोडा वेगळा असू शकतो असं धरून सरासरी काढणं.) पण त्यातून वाचणाऱ्या डॉक्टरला काहीच कळत नाही. औषध कुठे चाललं, कुठे चाललं नाही आणि का, हे त्याला हवं असतं, आणि ते सगळं या तफावतीतच असतं. याची सगळ्यात चांगली उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. त्यातली काही आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहेत.

आधी एवढं जमवा

- चार-पाच पानांचा प्रोटोकॉल, आणि माहिती काढायला सुरुवात करण्याआधी प्रॉस्पेरोवर (अशा आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी. ती मोफत आहे.
- एथिक्स कमिटीचं सूट-पत्र. नवे रुग्ण घ्यायचे नसले तरी अनेक ठिकाणी मागतात, त्यामुळे कॉलेजात आधीच विचारून ठेवा.
- प्रिझ्मा २०२० ची (आढावा कसा लिहावा याची) २७ मुद्द्यांची चेकलिस्ट.
- संदर्भ सांभाळायला झोटेरो, पेपर चाळायला रय्यान.
- पक्षपाताचा धोका तपासायला रॉब-२ (रँडमाइज्ड चाचण्यांसाठी) किंवा रॉबिन्स-आय (बाकीच्यांसाठी).
- आकडेमोडीसाठी आर हे आकडेशास्त्राचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं मेटाफॉर किंवा मेटा हे पॅकेज. दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.
- एक जोडीदार. पेपर निवडणं आणि आकडे काढणं दोघांनी वेगवेगळं करून मग ताडून पाहायचं असतं. हे एकट्याने करू नका.

१. प्रश्न चार तुकड्यांत लिहा, आणि तुलना कशाशी आहे ते ठळक करा

रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता, हे चार तुकडे सगळ्यांना पाठ असतात. त्यातल्या तिसऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घ्या. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झालेली चाचणी २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात १,६२० बायका होत्या, बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, सोबतीला एएनएम सिस्टर, आणि तुलना नुसत्या प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्याआधी २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची नऊ देशांतल्या रुग्णालयांमधली १८ हजारांहून जास्त बायकांची चाचणी आली होती. तिथे हीच गोळी, हाच ६०० मायक्रोग्रॅमचा डोस, पण तुलना ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनशी. तिथे गोळी मागे पडली: एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव गोळीच्या गटात ४ टक्के, इंजेक्शनच्या गटात ३ टक्के.

हे दोन आकडे एका फॉरेस्ट प्लॉटमध्ये (प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकाखाली एक रेघेने दाखवणाऱ्या आकृतीत) घातले तर आय-स्क्वेअर आभाळाला भिडेल आणि सरासरी निघेल ती निरर्थक. दोन्ही चाचण्या बरोबर आहेत. एक विचारते, 'इंजेक्शन नसलेल्या गावात गोळी काही नसण्यापेक्षा बरी का?' दुसरी विचारते, 'इंजेक्शन हाताशी असताना गोळी द्यावी का?' त्यामुळे प्लासिबोशी तुलना आणि चालू उपचाराशी तुलना यांची पहिल्याच दिवशी दोन वेगळी विश्लेषणं करा, आणि तसं प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका.

२. आकड्यांच्या आधी पेपर वाचून तफावत ओळखा

तफावत तीन जागी असते. रुग्ण, उपचार आणि आरोग्यव्यवस्था यांत असते ती एक. अभ्यास कसा केला यात असते ती दुसरी. या दोन्हींमुळे आकड्यांत दिसते ती तिसरी. कॉम्प्युटर फक्त तिसरी मोजतो. पहिल्या दोन तुम्हाला वाचूनच शोधाव्या लागतात.

यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे आपल्या जिल्ह्याचा मोठा धडा आहे. दिवस भरायच्या आधी प्रसूती होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे १९७२ सालच्या न्यूझीलंडमधल्या चाचणीपासून माहीत होतं. त्यानंतरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण इतकं गाजलं की कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे करणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हात त्याचाच फॉरेस्ट प्लॉट आहे. पण त्या चाचण्या मुख्यतः चांगल्या सोयींच्या रुग्णालयांतल्या होत्या. मग २०१५ मध्ये 'ॲक्ट' चाचणीचा निकाल आला. सहा देशांतली, गावपातळीवरची, जवळपास एक लाख जन्मांची ही चाचणी. भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर. निकाल धक्कादायक होता. अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर २८ दिवसांतले मृत्यू वाढले: दर हजार जिवंत जन्मांमागे नेहमीच्या गटात २३.९, तर जिथे स्टेरॉइडचा वापर वाढवला त्या गटात २७.४.

२०२० मध्ये 'ॲक्शन-१' आली. पाच देशांमधली २९ रुग्णालयं, त्यात पुन्हा बेळगाव. या वेळी नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर उतरले.

औषध एकच, जिल्हासुद्धा तोच. मग बदललं काय? ॲक्शन-१ मध्ये गर्भाचे आठवडे सोनोग्राफीने ठरवले होते, आईला संसर्ग नाही हे पाहिलं होतं आणि बाळाची काळजी घेणारी यंत्रणा रुग्णालयात होती. ॲक्टमध्ये आठवडे मुख्यतः पाळीच्या तारखेवरून किंवा पोटाला टेप लावून ठरत. ज्या बायकांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं तेवढी लहान नव्हतीच. म्हणजे फायदा व्हायचा ती बाळं थोडी, आणि औषध मात्र पुष्कळ जणींना गेलं. खेड्यात शेवटच्या पाळीची तारीख विचारली की 'नागपंचमीच्या मागं-पुढं' असं उत्तर येतं, हे इथल्या कुठल्याही आशाताईंना विचारा. त्या एका उत्तरावर आठवड्यांचं गणित उभं असतं.

तेव्हा वाचताना प्रत्येक पेपरला हे विचारा: निदान कशाने केलं, कुठल्या पातळीच्या दवाखान्यात, उपचार प्रत्यक्षात किती जणांपर्यंत पोचला, आणि सोबत आणखी काय मिळत होतं. मेटा-ॲनालिसिसच्या विश्वासार्हतेचा अर्धा निकाल इथेच लागतो.

३. माहिती काढायचा तक्ता नीट आखा

लेखक, वर्ष, देश, नमुना, निकाल एवढ्या रकान्यांवर भागत नाही. मोजमाप कसं केलं यासाठी स्वतंत्र रकाना ठेवा. वरच्या मिसोप्रोस्टॉल चाचणीत रक्त मोजायला मापाच्या रेषा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर वापरली होती. नजरेने केलेला अंदाज त्या मापापेक्षा तब्बल ३३ टक्क्यांनी कमी भरतो, हे याच भागातल्या कामातून दिसलं. आता एका अभ्यासात नजरेचा अंदाज आणि दुसऱ्यात मापाची चादर असेल तर रक्तस्रावाचं प्रमाण वेगळं येणारच. त्यात औषधाचा काही संबंध नाही.

प्रश्नावलीच्या अभ्यासांत तर हे फारच होतं. निपाणीच्या बाजूला एखाद्या आजीला विचारा, 'तंबाखू खाता का?' ती सरळ नाही म्हणेल. मग विचारा, 'मिश्री?' 'मिश्री तेवढी लावतो की, दात शिवशिवतात म्हणून.' एका अभ्यासाच्या प्रश्नावलीत मिश्री आहे, दुसऱ्याच्या नाही, तर बायकांमधलं तंबाखूचं प्रमाण या दोन अभ्यासांत जुळणार कसं? छापील फॉर्म कन्नडमध्ये, विचारणारा मराठीत विचारतोय आणि उत्तर इंग्रजीत लिहितोय, हे सीमाभागात रोजचं आहे. प्रश्नावली कोणत्या भाषेत होती, कुणी विचारली आणि त्या भाषेत तपासून घेतली होती का, हे पेपरमध्ये असेल तर टिपा, नसेल तर लेखकाला ईमेल करा. उत्तर येतं, बऱ्याचदा लगेचही येतं.

तक्ता भरताना नेहमी घडणारे घोळ:

- स्टँडर्ड एररचा आकडा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या रकान्यात. यामुळे तो अभ्यास खोटाच अतिअचूक दिसतो आणि तफावत कृत्रिमरीत्या फुगते. फॉरेस्ट प्लॉटमध्ये एखादा अभ्यास एकटाच फार आखूड रेघेचा दिसला तर आधी हे तपासा.
- एककं. साखर एका पेपरात मिलिग्रॅममध्ये, दुसऱ्यात मिलिमोलमध्ये (१८ ने गुणायचं). हिमोग्लोबिन कुठे डेसिलिटरला, कुठे लिटरला.
- मोजपट्टीची दिशा. काही स्कोअरमध्ये जास्त म्हणजे बरं, काहींत जास्त म्हणजे वाईट.
- एकाच चाचणीचे अनेक पेपर. बहुदेशीय चाचण्यांचे केंद्रनिहाय पेपर वेगळे निघतात. मुख्य पेपर आणि त्यातल्याच एका केंद्राचा पेपर दोन्ही घेतले तर तेच रुग्ण दोनदा मोजले जातात. नोंदणी क्रमांक ताडून पाहा.
- गावंच्या गावं गटात वाटलेली चाचणी (ॲक्ट तशीच होती) सुट्या रुग्णांच्या चाचणीसारखी घालणं. तिला गटांच्या हिशेबाने दुरुस्त केलेला आकडाच घ्या.

४. आता आकडे, आणि सरावासाठी बीसीजी

स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी मेटाफॉरसोबत येणारा बीसीजीचा डेटा चालवून पाहा. क्षयरोगाविरुद्ध बीसीजी लसीच्या १३ चाचण्या त्यात आहेत. तफावतीचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

त्यातल्या दोन ओळी समोरासमोर ठेवा. कॅनडातली १९४९ ची चाचणी: लस घेतलेल्या ३०६ पैकी ६ जणांना क्षयरोग, न घेतलेल्या ३०३ पैकी २९ जणांना. जवळजवळ ८० टक्के संरक्षण. आणि तमिळनाडूतली चेंगलपट्टूची मोठी चाचणी, तक्त्यात 'मद्रास' या नावाने: दोन्ही बाजूंना ८८,३९१ माणसं, लसीच्या बाजूला ५०५ रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ४९९. संरक्षण शून्य.

सगळे १३ एकत्र केले की रँडम-इफेक्ट्स मॉडेलने रिस्क रेशो (लस घेतलेल्यांतला धोका भागिले न घेतलेल्यांतला) ०.४९ येतो, ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.३४ ते ०.७०. म्हणजे लस धोका निम्म्यावर आणते. वाचायला छान वाटतं. पण आय-स्क्वेअर ९२ टक्के आहे. आणि आता अंदाज-मर्यादा, म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हल काढा: ०.१५ ते १.५५. उद्या नव्या जागी चाचणी केली तर लस ८५ टक्के संरक्षण देईल, किंवा काहीच देणार नाही, दोन्ही शक्य. विश्वासमर्यादा सरासरी किती पक्की आहे ते सांगते, पुढच्या गावात काय होईल ते सांगत नाही. आपल्या दवाखान्यातल्या माणसाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. म्हणून अंदाज-मर्यादा लिहिल्याशिवाय पेपर सोडू नका. अभ्यास चार-पाचच असतील तर मात्र ती स्वतःच फार डळमळीत असते, हेही लिहा.

आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

आय-स्क्वेअर म्हणजे तफावत किती मोठी आहे ते नव्हे. दिसणाऱ्या चढउतारांपैकी किती वाटा नशिबाच्या खेळापलीकडचा आहे ते तो सांगतो. अभ्यास मोठे असले की नशिबाचा वाटा आपोआप घटतो आणि आय-स्क्वेअर चढतो, मग प्रत्यक्षातला फरक किरकोळ का असेना. रोगाच्या प्रमाणावरच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये तो ९० च्या वर सर्रास जातो. २५, ५०, ७५ हे टप्पे २००३ च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या पेपरने रूढ केले, पण कॉक्रेनच्या हँडबुकात मुद्दाम एकमेकांवर चढणारे पट्टे दिलेत: ० ते ४०, ३० ते ६०, ५० ते ९०, ७५ ते १००. ५० ओलांडले म्हणजे धोका असा दगडावरचा नियम कुठेही नाही.

तफावतीचा खरा आकार टाऊ-स्क्वेअर सांगतो. तो आय-स्क्वेअरच्या शेजारी नेहमी छापा. क्यू चाचणीचा (तफावत नुसत्या नशिबाने आली असेल का ते तपासणारी) पी-आकडा मात्र जपून वाचा. अभ्यास थोडे असतील तर तफावत असूनही तो काही दाखवत नाही, म्हणून अनेक जण ०.०५ ऐवजी ०.१० ची मर्यादा धरतात.

आणि फिक्स्ड (खरा परिणाम सगळीकडे एकच असं धरणारं मॉडेल) की रँडम हे आय-स्क्वेअर पाहून ठरवू नका. अभ्यास वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या रुग्णांचे असतील तर रँडम हे आधीच ठरलेलं हवं. रँडम मॉडेल तफावत हिशेबात धरतं, ती मिटवत नाही. उलट लहान अभ्यासांचं वजन वाढवतं. हृदयविकाराच्या झटक्यात मॅग्नेशियम देण्याबद्दल छोट्या चाचण्यांचं एकत्रित चित्र आशादायक होतं. १९९५ मध्ये ५८,०५० रुग्णांच्या आयसिस-४ ने त्यात काही फायदा नसल्याचं दाखवलं. लहान अभ्यासच गोड निकाल देत असतील तर रँडम मॉडेल तोच गोडवा वाढवून दाखवतं. दोन्ही मॉडेलं चालवा आणि उत्तरं फार वेगळी आली तर का ते शोधा.

५. तफावतीचं कारण शोधा, पण आधी ठरवलेल्या वाटांनीच

बीसीजीच्या डेटात विषुववृत्तापासूनचं अंतर घालून मेटा-रिग्रेशन चालवा, म्हणजे त्या अंतराचा निकालाशी संबंध आहे का ते तपासा. तफावतीचा सुमारे ७५ टक्के भाग त्याने समजतो. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितकं संरक्षण जास्त. पण अक्षांश स्वतः काही करत नाही. उष्ण भागात मातीपाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी माणसाचा आधीच संबंध आलेला असतो हे एक स्पष्टीकरण मांडलं जातं. चाचण्यांचा काळ आणि पद्धतही अक्षांशासोबत बदलत जाते. आणि यातून 'आपल्याकडे बीसीजी निरुपयोगी' असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक आहे. जन्मतः दिलेली लस बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयरोगापासून वाचवते. तो परिणामच वेगळा आहे, आणि या सरासरीत तो येत नाही.

उपगट पाडताना हात आवरा. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता, तरी रुग्णांचे जन्मराशींनुसार गट पाडल्यावर मिथुन आणि तुळेच्या रुग्णांत ॲस्पिरिन अपायकारक वाटलं. संशोधकांनी ते मुद्दाम छापलं, उपगटांची फोड किती फसवी असते हे दाखवायला. म्हणून तीन-चार उपगटच घ्या, प्रोटोकॉलमध्ये कारणासह लिहा, आणि 'या गटात पी ०.०३, त्या गटात ०.२०' अशी तुलना न करता दोन गटांमधल्या फरकाची चाचणी करा. मेटा-रिग्रेशनसाठी एका घटकामागे निदान दहा अभ्यास लागतात. फनेल प्लॉटलाही (लहान अभ्यासांचे निकाल एका बाजूला झुकलेत का ते दाखवणाऱ्या आकृतीला) साधारण दहा लागतात. पाच अभ्यासांवर काढलेला फनेल प्लॉट कुणी मागितला तर नम्रपणे नकार द्या.

मग एकेक अभ्यास वगळून आकडेमोड पुन्हा करा. पक्षपाताचा धोका जास्त असलेले सगळे काढून पुन्हा करा. एकाच अभ्यासाने चित्र पालटत असेल तर तो पेपर पुन्हा सावकाश वाचा. त्याला गुपचूप वगळायचं नाही.

६. एकत्र न करण्याचा निर्णयही घेता येतो

तुलना वेगळी, मोजमाप वेगळं, रुग्ण वेगळे, आणि परिणामांची दिशाच उलटसुलट असेल तर बेरीज करू नका. फॉरेस्ट प्लॉट काढा पण खालचा हिरा (एकत्रित सरासरीची खूण) काढू नका. अशा लेखनासाठी २०२० मध्ये बीएमजेत आलेली 'स्विम' मार्गदर्शक सूचना आहे, तिच्या आधाराने मांडणी करा. कॉलेजातले मार्गदर्शक शिक्षक कधीकधी 'आकडा हवाच' म्हणतात. तेव्हा ॲक्ट आणि ॲक्शन-१ समोर ठेवून विचारा, या दोघांची सरासरी काढून एखाद्या तालुका रुग्णालयातल्या डॉक्टरने काय करायचं? माझ्या अनुभवात हा प्रश्न ऐकल्यावर बहुतेक जण थांबतात.

७. निकाल लिहिताना

वाक्य असं लिहा: 'सरासरी परिणाम एवढा, विश्वासमर्यादा इतकी, अंदाज-मर्यादा इतकी. टाऊ-स्क्वेअर आणि आय-स्क्वेअर असे. सोनोग्राफीने आठवडे ठरवलेल्या अभ्यासांत परिणाम असा, बाकीच्यांत तसा, दोन गटांमधल्या फरकाची चाचणी अशी.' ग्रेडने पुराव्याची खात्री ठरवताना समजलेली तफावत आणि न समजलेली तफावत वेगळी धरा. कारण सापडलं तर प्रत्येक गटाची खात्री वेगळी लिहा. सापडलं नाही तर विसंगतीसाठी एक पायरी खाली उतरवा, आणि का उतरवली ते तळटीपेत एका ओळीत सांगा.

तक्ता, आरचा कोड आणि वगळलेल्या पेपरांची यादी कारणांसह पुरवणीत जोडा. पुढच्या वर्षी चिकोडीहून किंवा खानापूरहून आलेली एखादी विद्यार्थिनी तोच विषय घेईल, तिला तुमचा रकाना अन् रकाना पुन्हा तपासता आला पाहिजे.